गच्चीचं माप

२ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार, आणि तुमच्या घरी राहून आईला साफ विसरलेल्या माझ्या लेकीला एक धपाटा.

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनच करणार होते. पण तुमच्या घरचा फोन कायम लेकीच्या नाहीतर जावईबापूंच्या हातात असतो, आणि हे प्रकरण इतक्यात त्या दोघांच्या कानावर जायला नको.

मागच्या वर्षी लेक आली होती तेव्हा वरच्या खोलीच्या छताचा हा एवढा पोपडा तिच्या खाटेवर पडला, ते तुम्हाला ठाऊक आहेच. ती तेव्हा खाली चहा पीत होती म्हणून निभावलं. जावईबापूंनी तेव्हापासून जो धसका घेतलाय तो घेतलाय. तुम्हीही म्हणालात, "छत पक्कं करून घ्या, मी स्वतः सुनेला पाठवते." ती आता बाळंतपणाला माझ्याकडे यावी असं मला फार वाटतं. माझी एकुलती एक आहे, तिचं पहिलंच आहे, आणि तिचे वडील गेल्यापासून या घरात आनंदाचं असं काही झालेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, मे महिन्यानंतर प्रवास नको. म्हणजे मे संपायच्या आत माझी गच्ची गळायची थांबली पाहिजे.

त्यासाठी एक कॉन्ट्रॅक्टर बोलावला. माणूस असा की विचारू नका. गच्चीवर गेला, काठीने ठकठक केलं, कठड्याशी वाकून बघितलं, टेप लावला, खाली आला. मी विचारलं, "काय म्हणता?" तर म्हणाला, "लिहून देतो." झालं! मी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलंय. त्याचं कोटेशन सोबत जोडते. सातशे चौरस फूट काम लिहिलंय आणि शेवटचा आकडा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. आहे तेवढी पुंजी त्यात जाईल. शेजारीण म्हणते, बाई एकटी दिसली की हे लोक असंच लुबाडतात.

तुम्ही उभा जन्म बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं केलीत. जरा बघून सांगता का, हा माणूस रास्त मागतोय की मला गंडवतोय? तुम्ही म्हणाल तसं करीन.

— तुमच्या सुनेची आई


८ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार. धपाटा पोचवला. परत आला आहे, पण तो मी इथेच ठेवून घेते.

कोटेशन पाहिलं. आधी बरं ते सांगते. जुना थर फोडून काढणं, विटांच्या तुकड्यांचा कोबा, पाइपाकडे नीट उतार, कठड्यावर फूटभर उंचीपर्यंत तोच थर, आणि शेवटी गच्चीवर पाणी कोंडून परीक्षा, हे सगळं त्याने वेगवेगळं लिहिलं आहे. नुसतं "गच्ची दुरुस्त करणे" असं एका ओळीत उरकणाऱ्यांशी माझा रोजचा सामना असायचा, त्यामानाने हे पुष्कळच बरं. चौरस फुटाचा दरही वाजवी आहे. मी इथल्या दोघांना विचारून खात्री केली.

राहिलं माप. विहीणबाई, या धंद्यात चोरी दरात करत नाहीत, दर सगळ्यांना माहीत असतो. चोरी मापात करतात, कारण गच्चीवर चढून मोजायचा सगळ्यांना कंटाळा. तुमचं घर मी अजून पाहिलेलं नाही, माझ्या गुडघ्यांनी तो योग येऊ दिला नाही. तेव्हा तुम्हीच वर जाऊन लांबी-रुंदी मोजा आणि मला कळवा. त्याला विचारू नका, शेजारणीला त्याहून विचारू नका.

सून बरी आहे. हल्ली तिला दुपारची झोप फार येते. माझ्या खोलीत वारा चांगला येतो म्हणून ती माझ्याच पलंगावर झोपते आणि मी खुर्चीत बसून पेपर वाचते. पानं उलटताना आवाज होतो म्हणून एकच पान दोनदा वाचते.

— तुमच्या जावयाची आई


१२ एप्रिल

विहीणबाई, तुमचा हुकूम बजावला.

लोखंडी टेप माझ्याकडे कुठला? माझा शिवणाचा टेप, पाच फुटी, तो गळ्यात असतोच. खडूही खिशात असतो. कपाळाला रुमाल बांधून उन्हात वर गेले आणि गच्चीवर रांगत रांगत टेप टाकत, खुणा करत माप घेतलं. शेजारीण तिच्या गच्चीवरून विचारते, "काय हो, गच्चीला झगा शिवताय का?" मी म्हटलं, "हो, तुमच्या गच्चीचंही माप घेऊन ठेवते, तिलाही लागेल."

तर घ्या. लांबी बत्तीस फूट, रुंदी दहा फूट. दोनदा मोजलंय. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, माझं एकही कापड कधी तोकडं पडलेलं नाही, तेव्हा माझ्या मापाची काळजी तुम्ही करू नका.

तुमच्या पलंगावर झोपते म्हणे! लग्नाआधी मी शिवणयंत्र चालवलं तरी हिची झोपमोड व्हायची, आणि मग मला तिच्या रागाला तोंड द्यावं लागायचं. लवकर निकाल कळवा. मौनीबाबा उत्तराची वाट बघतोय.

— तुमच्या सुनेची आई


१७ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

निकाल वाईट आहे. बत्तीस गुणिले दहा म्हणजे तीनशेवीस. कठड्याचा चहूबाजूंचा फूटभर पट्टा त्यात मिळवला तरी चारशेच्या घरात जातं. त्याने सातशे लिहिले आहेत. थोडंफार इकडेतिकडे मी समजून घेते, मोडतोड, कानाकोपरे, सगळं धरते. पण हे इकडेतिकडे नाही. हा सरळ सरळ हात मारायचा प्रकार आहे. तुमच्या चिंचोळ्या घराकडे बघून सातशेचा आकडा लिहिताना त्या माणसाचा हात कसा कापला नाही, याचं मला नवल वाटतं.

त्याला स्पष्ट सांगा की काम चारशे फुटांचं आहे, आमच्या माणसाने हिशेब केला आहे. कबूल असेल तर कर, नाहीतर नमस्कार. आणि दुसरा चांगला माणूस मिळायला वेळ लागला तर जिवाला घोर लावून घेऊ नका. सून इथे माझ्याजवळ अगदी सुखात आहे. दवाखानाही जवळ आहे. बाळंतपण इथे झालं म्हणून काही बिघडत नाही.

— तुमच्या जावयाची आई


२४ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

सांगितलं त्याला. तुम्ही लिहून दिलंत ते शब्द न् शब्द सांगितलं. आणि तुमच्या जोरावर मी आपलं चार शब्द पदरचेही घातले. लाज वाटायला हवी, बाईमाणसाला फसवता, वगैरे. तो सगळं ऐकून घेत होता. मला वाटलं, चोर पकडला गेला की असाच गप्प बसतो. शेवटी उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "बाई, तुम्ही दुसरा माणूस बघा." आणि गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

आता मनात आहे ते लिहिते, राग मानू नका. मानलात तरी माझा इलाज नाही. माझं घर लहान आहे, मी एकटी शिवणकाम करून राहते, सगळं कबूल. पण चिंचोळं? न पाहता? आणि "बाळंतपण इथे झालं म्हणून काही बिघडत नाही" हे वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं. तुमचं काही बिघडत नाही, माझं बिघडतं. मला एकदोनदा असंही वाटून गेलं की माझी गच्ची होऊ नये असंच तुमच्या मनात आहे. असो. लिहिलं ते लिहिलं, आता खोडत नाही.

तुम्हाला वाटत होतं तसा वेळ मात्र लागला नाही. दुसरा माणूस लगेच मिळाला. शेजारणीने पाठवला. बोलणं असं की साखर झक मारेल. मी त्याला म्हटलं, काम चारशे फुटांचं आहे, त्याहून एक फूट जास्त लिहिलंत तर बघा. तो म्हणाला, "मावशी, चारशे म्हणजे चारशे! तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार!" गच्चीवर जायचीही त्याला गरज वाटली नाही, इतका भरवसा. पुढच्या सोमवारी निम्मी रक्कम आगाऊ द्यायची आहे, मग मंगळवारी माणसं येतात.

म्हणजे मेच्या मध्यावर गच्ची तयार. लेकीची तिकिटं काढायला हरकत नाही.

— तुमच्या सुनेची आई


२८ एप्रिल, कुरिअरने

विहीणबाई, पैसे देऊ नका. पत्र हातात पडेल तेव्हा जे काही करत असाल ते टाका, पण पैसे देऊ नका.

फोनच केला असता, पण तो सुनेच्या हातातून सुटत नाही आणि तिच्यासमोर हे बोलता येत नाही. का ते सांगते. नोकरीत असताना मी इतकी अंदाजपत्रकं केली, पण माझ्या आकड्याला पहिल्या भेटीत हो म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर मला भेटलेला नाही. चांगले असोत, लबाड असोत, सगळे वाद घालतात. कोबा महागला म्हणतात, पाइप खराब आहे म्हणतात, वर चढून दहा खोड्या काढतात. हा तर वर चढलासुद्धा नाही. ज्याला काम करायचंच नाही, त्याला चारशे काय नि दोनशे काय, सगळं परवडतं. आगाऊ रक्कम घेऊन तो पुन्हा दिसायचा नाही.

आणि आता तुमच्या मनातलं. तुम्ही लिहिलंत ते वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पत्र चुरगाळलं. मग संध्याकाळी सरळ करून पुन्हा वाचलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. विहीणबाई, सातशेच्या जागी चारशे निघाले तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुमचे पैसे वाचले म्हणून बरं वाटलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे काम लांबेल, पोर माझ्याकडेच राहील, म्हणून बरं वाटलं. मला मुलगी नाही. ती दुपारी माझ्या पलंगावर झोपते हे तुम्हाला मी उगाच नाही लिहिलं.

त्या आनंदात मी एक गोष्ट केली नाही, जी माझ्या हाताखालच्या नवख्या पोरींनाही मी करायला लावायचे. माप कसं घेतलं ते विचारलं नाही. दहा फूट रुंदीच्या घरात तुमचं शिवणयंत्र, खाटा, जिना सगळं मावतं कुठे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी आपली 'चिंचोळं' म्हणून मोकळी झाले.

तेव्हा तुम्ही रुंदी कशी मोजलीत ते अगदी पहिल्यापासून लिहा. कुठे उभ्या होतात, टेप कुठून लावलात, किती वेळा टाकलात, कागदावर काय लिहिलंत, सगळं.

— तुमच्या जावयाची आई


२ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा गोडबोल्या माझ्यासमोर बसून चहा पीत होता आणि नोटा माझ्या हातात होत्या. खोटं नाही सांगत. मोजून झालेल्या होत्या, द्यायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. कुरिअरवाल्याने बेल वाजवली म्हणून उठले. पहिली ओळ दारातच वाचली.

आत येऊन नोटा मशीनच्या खणात टाकल्या आणि म्हटलं, "आधी एकदा गच्ची बघून या." तो हसतो कसा, "मावशी, गच्चीत बघायचं काय? सगळ्या गच्च्या सारख्याच." मी म्हटलं, "मग मावशाही सारख्याच असतात, दुसरी बघा." त्याचं सगळं गोड बोलणं तिथल्या तिथे आटलं. जाताना जिन्यात जे काही बोलला ते मी तुम्हाला लिहिणार नाही. कडी लावली आणि तिथेच पायरीवर बसले. जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते आज कळलं. तुम्ही कुरिअरचे पैसे खर्च केले नसते तर माझी सगळी पुंजी त्या चहाबरोबर गेली असती.

तुमच्यावर मी संशय घेतला आणि तुम्ही तो खरा आहे म्हणून कबूल केलात! आता मी तुमच्याशी भांडू कशी?

बरं, आता माप. कठड्याच्या डाव्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसले. टेपचं टोक भिंतीला टेकवलं, पाच फुटांवर खडूने रेघ मारली, रेघेवर पुन्हा टोक ठेवलं. असं चार वेळा झालं तेव्हा टेप बरोबर समोरच्या कठड्याला लागला. म्हणजे वीस. मग नेहमीसारखं निम्मं करून कागदावर दहा लि

विहीणबाई, थांबा.

मी आत्ता वर जाऊन आले. खडूच्या रेघा अजून तशाच आहेत. वीसच फूट आहे हो.

काय सांगू तुम्हाला! आम्ही शिवणारी माणसं कापड दुमडून कापतो. म्हणून छाती असो, पाठ असो, आडवं माप घेतलं की ते निम्मं करूनच लिहायचं, ही माझ्या शिवणाच्या बाईंची शिस्त. लांबी दुमडत नाही, ती पूर्ण लिहायची. इतकी वर्षं तसं लिहिलंय की आता हात मला विचारतही नाही. मी तुम्हाला माझी गच्ची दुमडून पाठवली, बाई! आणि त्या बिचाऱ्याला चोर म्हटलं. तोंडावर म्हटलं. लाज वाटायला हवी म्हटलं.

आता मी काय करू?

— तुमच्या सुनेची आई


६ मे

विहीणबाई,

पत्र वाचून मी इतकी हसले की सून धावत आली. तिला वाटलं मला ठसका लागला. ती विचारत राहिली, मी पत्र उशीखाली घातलं. मग खुर्चीत बसले आणि हसू कुठल्या कुठे गेलं, कारण तो बिचारा माझ्याही नजरेसमोर आला. त्याच्यासाठी तुमच्या तोंडात शब्द मी घातले होते.

पुन्हा हिशेब केला. बत्तीस गुणिले वीस, सहाशेचाळीस. कठड्याचा पट्टा एकशेचार. एकूण सातशेचव्वेचाळीस. त्याने सातशे लिहिले आहेत. विहीणबाई, तो जास्त मागत नव्हता, कमीच मागत होता. कमी का, ते मला समजत नाही आणि समजल्याशिवाय मला चैन पडायची नाही, ते विचारून घ्या. पण कोटेशन चोख आहे, यावर मी माझ्या नावाची सही करते.

आता तुम्ही काय करायचं? त्याच्याकडे जा. निरोप पाठवू नका, शेजारणीला मध्ये घेऊ नका, स्वतः जा. आणि सगळा दोष तुमच्या शिवणावर घेऊ नका. सांगा की सरकारी खात्यातल्या एका निवृत्त बाईंनी कागदावरून हिशेब केला आणि तोंडघशी पडल्या. हे पत्र दाखवलंत तरी चालेल.

मे संपायला अजून पंचवीस दिवस आहेत. तो यायला तयार झाला तर सगळं वेळेत बसतं. झाला नाही तर काय, हा विचार मी काल दिवसभर करत होते, आणि या वेळी मला जराही बरं वाटलं नाही.

— तुमच्या जावयाची आई


११ मे

विहीणबाईंना नमस्कार.

गेले होते. एका दुकानाच्या गच्चीवर त्याचं काम चाललंय असं कळलं. तीन जिने चढून गेले तर हा वाकून जुना थर खरवडतोय. मला पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा खरवडायला लागला. मी उन्हात उभी. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले आणि एका दमात सांगून टाकलं. दुमडलेलं कापड, निम्मी छाती, तुमचं खातं, गोडबोल्या, सगळं. आणि म्हटलं, "मी तुम्हाला नको ते बोलले. माझं चुकलं. माफी मागायला आले."

तो खरवडतच होता. मग हातातलं हत्यार खाली ठेवून विचारलं, "रुंदी निम्मी लिहिली?"

"हो."

"आणि लांबी पूर्ण?"

"हो."

"का?"

"लांबी दुमडत नाहीत."

विहीणबाई, मौनीबाबा हसला! खाली बसला आणि पोट धरून हसला. कामावरची माणसं बघायला लागली. मग डोळे पुसत म्हणाला, "बाई, त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, माझं माप चुकलं असेल का? संध्याकाळभर कागद घेऊन बसलो होतो." हे ऐकून मला रडूच आलं. मी त्याला शिव्या दिल्या आणि तो स्वतःची चूक शोधत बसला होता.

तुमचा प्रश्न विचारला. म्हणाला, "पाण्याच्या टाकीचा चौथरा आहे ना. तिथे मी हात लावणार नाही, मग तिथले पैसे कशाचे घ्यायचे?" म्हणजे ते चव्वेचाळीस फूट टाकीखाली आहेत. आता तुम्हाला झोप लागेल.

काम धरायला मात्र पटकन तयार होईना. दुकानाचं अर्धवट आहे म्हणाला. मी लेकीचं सांगितलं. हे त्याला आधी सांगितलंच नव्हतं मी, नुसतं गळतंय म्हटलं होतं. तो विचारात पडला, आपल्या माणसांशी बोलला आणि म्हणाला, "दुकानाच्या छताखाली पोती आहेत. पोत्यांना प्लास्टिक टाकता येतं. परवा येतो." आणि मी जिना उतरायला लागले तर वरून ओरडतो, "बाई, पैसे देताना निम्मं करू नका!"

एवढा बोलका माणूस आहे हो तो. मीच बोलू दिलं नव्हतं.

— तुमच्या सुनेची आई


१८ मे

विहीणबाई, झोप लागली.

थर वाळला की तो गच्चीवर पाणी कोंडील. पाइपाचं तोंड बंद करून सगळ्या गच्चीवर बोटभर तरी पाणी हवं, आणि दोन-तीन दिवस ते हलू द्यायचं नाही. तो एका दिवसात सोडायला निघाला तर सोडू देऊ नका. आता तो भला माणूस आहे हे मान्य, पण पाणी भला-बुरा बघत नाही. वरच्या खोलीत बसा आणि छताच्या कडा बघा. मधोमध नाही, कडा.

मी तिकिटं काढलेली नाहीत. तुमचं पत्र आल्यावर काढीन.

— तुमच्या जावयाची आई


२६ मे

विहीणबाई, कोरडं!

तीन दिवस पाणी होतं. मी मशीनच वरच्या खोलीत नेलं. एक डोळा शिवणीवर, एक छताच्या कडांवर, त्यापायी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली, ती उसवावी लागली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात काळं दिसलं आणि माझी पाचावर धारण बसली. खाटेवर खुर्ची ठेवून वर चढले, हात लावून पाहिलं, तर कोळ्याचं जाळं! मौनीबाबाला सांगितलं तर म्हणाला, "जाळं काढायचं वेगळं कोटेशन देऊ का?" आता याला गप्प कसं करायचं हा प्रश्न आहे.

आतून नवा गिलावा आणि रंगही झाला. मी स्वतः हाताने सगळं छत ठोकून बघितलं, कुठेही पोकळ आवाज नाही.

पाठवा तिला. आता पाठवा.

— तुमच्या सुनेची आई


३० मे

विहीणबाई,

सून आणि मुलगा आज सकाळी निघाले. हे पत्र त्यांच्या मागोमाग पाठवते आहे. ती निघताना रडली, मीही रडले, मुलगा घड्याळ बघत होता. तिच्या पिशवीत तिच्या गोळ्या आहेत, कशा द्यायच्या ते वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. डाव्या कुशीवर झोपू द्या. रागावली तर रागावू द्या, दहा मिनिटांत निवळते.

घर मोठं वाटतंय. पण आज दुपारी मी पेपरची पानं मोठ्याने उलटली आणि मला मुळीच बरं वाटलं नाही, एवढंच तुम्हाला सांगते. तुमच्या छतावर मी सही केली आहे, तेव्हा आता पाऊस पडेपर्यंत माझा जीव तिकडेच आहे. पडला की कळवा.

— तुमच्या जावयाची आई


१२ जून

विहीणबाईंना नमस्कार.

पडला. काल दुपारी पडला, आणि असा की रस्त्यापलीकडचं दुकान दिसेना. मी खाली कापत होते. लेक जेवून वर झोपायला गेली होती. पहिला सडाका आला आणि मी हातातली कात्री टाकून उठले. इतक्या वर्षांची सवय. आधी पातेली उचलली, मग ती तिथेच टाकून तशीच जिना चढले.

पावसाचा आवाज एवढा की स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. छत बघायलाच वर गेले होते मी. आणि छताकडे बघितलंच नाही. ती डाव्या कुशीवर झोपली होती, एक हात पोटावर, तोंड जरासं उघडं, लहानपणी झोपायची तशी. मी पायाशी बसले. बाहेर सगळं जग वाहून चाललं होतं आणि माझी पोर कोरड्या अंथरुणात घोरत होती. हो, घोरते ती हल्ली, तुम्ही मला हे कळवलं नव्हतंत. किती वेळ बसले कोण जाणे. डोळे आपोआप वाहत होते, पुसायचं सुचलं नाही.

तुम्ही आता या. गुडघ्यांची सबब चालणार नाही, तुमच्यासाठी खालची खोली रिकामी केली आहे, जिना चढायचं काम नाही. पोर दोघींची आहे, बाळही दोघींचं होईल. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून विचारतेय, आई कधी येणार. मी म्हटलं, मी इथेच आहे की. तर म्हणते, ती आई.

पाऊस थांबला, ऊन पडलं, तेव्हा ती जागी झाली. मला पायाशी बसलेली पाहून म्हणाली, "काय गं, अशी का बसलीयस?" मी म्हटलं, "काही नाही." मग तिने खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, "आई, पाऊस येऊन गेला का?"

— तुमच्या सुनेची आई